गिरणीवाल्या माई

माझ्या सासूबाईंना हळू बोलता येत नसे. कराडला त्यांची पिठाची गिरणी होती. नवरा अकाली गेला, पदरात दोन लहान मुलं, तेव्हा त्या गिरणीच्या घरघराटात जाऊन उभ्या राहिल्या आणि पुढची सगळी वर्षं गिऱ्हाइकांशी पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्या. मग गिरणी बंद असो, घरात कुणी आजारी निजलेलं असो, आवाज तोच. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा त्यांनी आत जाऊन वैशालीच्या कानात, त्यांच्या मते अगदी गुपचूप, सांगितलं होतं, "पोरगा चांगला हाय, पण लईच वाळका वाटतोय." बाहेरच्या खोलीत माझ्या आईवडिलांनी हातातल्या कपबशा खाली ठेवल्या आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं.

सगळं गाव त्यांना गिरणीवाल्या माई म्हणे. मीही माईच म्हणायचो. त्या मला प्रकाशराव म्हणत, आणि ते दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाई.

त्यांची दुसरी खोड म्हणजे कुठलीही महत्त्वाची गोष्ट त्या उपाशी माणसाशी बोलत नसत. "आधी खावा, मग बोला." गिरणीची मोटर जळाली तेव्हा दुरुस्तीवाल्याला त्यांनी अगोदर चहा-चपाती दिली, मग मोटर दाखवली. माझे वडील गेले तेव्हा त्या कराडहून सांगलीला आल्या त्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन. आईच्या समोर बसल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. आईच्या पोटात अर्धी भाकरी गेल्यावर म्हणाल्या, "आता रडा." आणि आई खरोखरच तेव्हा पहिल्यांदा रडली.

वडिलांच्या वर्षश्राद्धाला मी इंग्लंडहून आलो होतो. लीड्समध्ये पाव बनवणाऱ्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो मी. वैशालीला सातवा लागला होता, पुष्कळ वर्षं वाट पाहून, पुष्कळ दवाखाने करून. तिला विमानप्रवास नको म्हणाले होते. मी एकटा यायचं, श्राद्ध उरकायचं आणि परत जाताना बाळंतपणासाठी माईंना बरोबर न्यायचं असं ठरलं होतं. माई तोवर विमानात बसल्या नव्हत्या. सामानात डिंक, खारीक, अळीव, ओवा, शेपा, आणि स्वतः दळलेलं नाचणीचं पीठ.

मुंबईच्या विमानतळावर असतानाच वैशालीचा फोन आला. "पोटात दुखतंय रे. शेजारच्या बाई गाडीतून हॉस्पिटलमध्ये नेतायत. तपासून सोडतील. तू आईला घाबरवू नकोस." माई शेजारीच होत्या आणि फोनला कान लावून होत्या. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि ओरडल्या, "वैशू, काही खाल्लंस का?" आजूबाजूच्या सगळ्या रांगा वळून बघायला लागल्या.

दुबईत विमान बदलायचं होतं. मध्ये तासाभराचा अवधी. पण सकाळी आमचं विमान दुबईच्या डोक्यावर पोचलं तेव्हा खाली काही दिसतच नव्हतं. धुकं. आम्ही चकरा मारत राहिलो. माई खिडकीला नाक लावून म्हणाल्या, "कुणाचं तरी पोतं फुटलंय." शेवटी उतरलो तेव्हा मँचेस्टरचं विमान निघून गेलेलं होतं, आणि आमच्यासारखी अडकलेली माणसं जागा मिळेल तिथे जमिनीवर बसलेली होती.

तिथून जे सुरू झालं ते अगदी क्षुल्लक होतं. एरवी आम्ही त्यावर हसलो असतो. सुरक्षा तपासणीच्या रांगेत खिसे रिकामे करताना माझ्या लक्षात आलं की माझा फोन विमानातच राहिला, समोरच्या सीटच्या कप्प्यात. मागे धावलो तर परत सोडेनात. कुठल्याशा खिडकीवर नोंद करा म्हणाले, त्या खिडकीवर म्हणाले, विमान साफ होऊन पुढे गेलं, सापडला तर कळवू. कळवणार कशावर, असं मी विचारलं. त्या माणसानं खांदे उडवले. आता आमच्याजवळ एकच फोन होता, माईंचा. मेव्हण्यानं त्यावर परदेशातून बोलायची सोय करून दिली होती, पण निघण्याच्या गडबडीत तो रात्रभर चार्जिंगला लावायचा राहिला होता.

मग माईंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या गुळगुळीत फरशीवरून त्या एका पायात चप्पल आणि एका पायात नुसता मोजा अशा चालू लागल्या. मी म्हटलं थांबा, काहीतरी बघतो. "तुम्ही विमानाचं बघा, पायाचं मी बघते," म्हणाल्या आणि दुसरीही चप्पल काढून पिशवीत टाकली.

एका इमारतीतून दुसरीत जायला तिथे छोटी गाडी असते. मी फलक वाचत उभा राहिलो आणि माई समोर आलेल्या गाडीत चढल्या. दारं लागली. काचेआड त्यांचं तोंड उघडं, हात माझ्या दिशेला, आणि गाडी गेली. मी पुढच्या गाडीनं मागे गेलो, तोवर त्या उलट्या गाडीनं परत आलेल्या. शेवटी त्या आवाजानेच सापडल्या. कुठूनतरी "अहो प्रकाशराव! प्रकाशराव हो!" असा पुकारा आला आणि एक सुरक्षा रक्षक हसत मला म्हणाला, "भाईसाब, आप ही प्रकाशराव हो ना? यल्ला, जल्दी जाइए."

मला हसू येत नव्हतं. वैशालीचा फोन लागत नव्हता. माईंच्या फोनवर तिचा एकच बोलका निरोप येऊन पडला होता, विमानतळाच्या वायफायवर. "आई, मला आत नेतायत. ठोके नीट लागत नाहीयेत म्हणे. प्रकाशला सांग." तिच्या मागे कुणीतरी इंग्रजीत भराभर काही सांगत होतं. मी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. व्हॉट्सॲपवरून उलट फोन करायला गेलो तर तो जाईचना. त्या देशात त्यावरून बोलता येत नाही हे मला रांगेतल्या एका मल्याळी पोरीनं सांगितलं. साधा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

विमान कंपनीच्या टेबलापाशी आमचा नंबर लागला तेव्हा दुपार व्हायला आली होती. उद्या सकाळच्या विमानात दोन जागा, त्याआधी काही नाही. मी त्या मुलीला सगळं सांगितलं. ती खरंच कळवळली, पुन्हा पडद्यावर बघितलं, मान हलवली. अडकलेल्या प्रवाशांना बसमधून हॉटेलांवर पाठवत होते. आम्हाला शहरातल्या अल कुसैस या वस्तीत पाठवलं. तिथल्या रस्त्यांवर हिंदी, उर्दू, मल्याळम ऐकू येतं आणि बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत असतात. धुकं एव्हाना विरलं होतं, डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं, आणि आकाशात एकामागून एक विमानं निर्धास्त उडत होती. ते बघून मला ओरडावंसं वाटलं.

खोलीत गेल्यावर कळलं की माईंच्या चार्जरची पिन भिंतीतल्या तीन भोकांत बसत नाही. माझा इंग्लंडचा चार्जर चालला असता, पण तो मोठ्या बॅगेत, आणि बॅग विमान कंपनीच्या ताब्यात. खाली काउंटरवर विचारलं, तर होते तेवढे सगळे वाटून झाले होते. फोनवर लाल रेघ आलेली. मी खुर्चीवर बसलो, आता बाहेर जाऊन पिन आणायची, असं माईंना म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला झोप लागली असावी. आदल्या दोन रात्री मी झोपलो नव्हतो.

जागा झालो तर खोलीत माई नव्हत्या. फोनही नव्हता.

खाली आलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "अम्मा बाहर गयी. चार्जर चार्जर बोल रही थी." मी रस्त्यावर आलो. हॉटेलच्या ओळीत किराणा दुकान, न्हाव्याचं दुकान, इस्त्रीवाला, चहाचं कॅफेटेरिया. चौघांनाही विचारलं. इस्त्रीवाल्यानं एक म्हातारी बाई पायमोज्यांवर चालत गेल्याचं पाहिलं होतं, डावीकडे का उजवीकडे हे त्याला आठवेना. मी आधी डावीकडे धावलो, मग उजवीकडे. एकसारख्या इमारती, एकसारखे कोपरे. किराणावाल्याकडून फोन मागून घेतला आणि लक्षात आलं की मला माईंचा नंबर पाठच नाही. पाठ होता फक्त वैशालीचा. तो लावला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. किराणावाला गिऱ्हाइकांना थांबवून माझ्याकडे बघत होता. त्यानं मला पाण्याची बाटली दिली आणि "बैठो भाई, बैठो" म्हणाला. मी बसलो नाही.

सारखा एकच विचार डोक्यात येत होता. ही बाई कुठेही असली तरी तिचा आवाज ऐकू यायला हवा. कराडात ती बोलली तर चौकात ऐकू येतं. मी चौकाच्या मध्ये उभा राहून कान देत होतो, आणि मोटारींशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, चक्कर येऊन पडल्या असतील. कुणी गाडीनं उडवलं असेल. वैशालीला काय सांगू? आणि वैशाली तरी...

तेवढ्यात पांढरी दाढी राखलेले, लुंगी नि शर्ट घातलेले एक गृहस्थ रस्ता ओलांडून सरळ माझ्यापाशी आले. म्हणाले, "तुम्हीच परकाशराव काय? कराडवाले?"

मी नुसती मान हलवली.

"तुमची सासू आमच्या घरी हाय. बरी हाय. घाबरू नका. मी हॉटेलात बघून आलो, तुम्ही तिथं नव्हता. चला."

त्यांचं नाव इस्माईलभाई. श्रीवर्धनच्या बाजूचे. जबल अली बंदरावरच्या एका गोदामात त्यांची नोकरी होती आणि त्या दिवशी सुट्टी होती. पुढे चालता चालता त्यांनी मला दंडाला धरलं. मी विचारलं, काय झालंय? ते म्हणाले, "आधी घरी चला, भाऊ." माझ्याकडे न बघता म्हणाले.

माई त्यांच्या स्वयंपाकघरात होत्या. जमिनीवर बसून परातीत कणीक मळत होत्या. इस्माईलभाईंच्या पत्नी हमीदाबाई शेगडीपाशी उभ्या होत्या, डोळे लाल. मी दारातच ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही. कुठे होता तुम्ही, फोन कुठे आहे, तुमच्यामागे मी वेड्यासारखा... माईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हमीदाबाईंना म्हणाल्या, "बाई, तवा ठेवा." मला म्हणाल्या, "हात धुवा. जेवा."

"वैशालीचा फोन आला होता का?"

"जेवा आधी."

मी जेवलो. का जेवलो ते मला आजही सांगता येणार नाही. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं हे खरं, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांच्या त्या सांगण्यापुढे उभं राहायची ताकद माझ्यात नव्हती. चपात्या, बटाट्याची भाजी, वरण. माई एकेक चपाती ताटात टाकत होत्या आणि मी गिळत होतो. इस्माईलभाई बाहेरच्या खोलीत जाऊन बसले होते. शेवटचा घास संपला आणि माई परात बाजूला सारून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"वैशू बरी हाय. हे पहिलं ऐका. तिच्या जिवाला धोका नाही."

मी ताट बाजूला सारलं.

"मुलगी झाली, प्रकाशराव. राहिली नाही."

हे त्या हळू बोलल्या. इतक्या हळू, की शेवटचे दोन शब्द मी त्यांच्या ओठांवरून वाचले. एवढ्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्यांना स्वतःलाही तो नवा असावा, कारण बोलून झाल्यावर त्यांनी गळ्याला हात लावला.

चार्जर शोधत त्या एका मोबाइलच्या दुकानात गेल्या होत्या. दुकानदारानं फोन चार्जिंगला लावून दिला आणि लगेच तो वाजला. वैशालीचाच होता. तिनं आईला स्वतः सांगितलं. फोन ठेवून माई दुकानाबाहेर आल्या आणि फुटपाथवर बसल्या. उठता येईना. रस्त्यानं भाजी घेऊन चाललेल्या हमीदाबाईंना त्यांच्या तोंडून "देवा, काय केलंस रे" हे शब्द ऐकू आले आणि मराठी ऐकून त्या थांबल्या.

मी हात न धुता बसून होतो. मग मला राग आला. "तुम्हाला माहीत होतं. माहीत असताना मला जेवायला घातलंत?"

"हो."

"धीर तरी कसा झाला तुम्हाला?"

"नंतर तुम्ही दोन दिवस घास घेतला नसता," त्या म्हणाल्या. "तिथं गेल्यावर तिला धरायला लागंल. उपाशी माणसाला धरता येत नाही." आणि मग त्या उठल्या, मोरीकडे गेल्या. नळ चालू झाल्याचा आवाज आला आणि त्याच्या वर त्यांचा, मोठ्यांदा, गिरणीवरचा. हमीदाबाई धावत आत गेल्या.

इस्माईलभाईंच्या फोनवरून वैशालीशी बोललो. तिचा आवाज सपाट होता. "कधी येताय?" म्हणाली.

"उद्या."

"उद्या म्हणजे कधी?"

मी सकाळच्या विमानाची वेळ सांगितली. ती म्हणाली, "तिला माझ्याजवळच ठेवलंय. थंड पाळणा असतो इथे. तू येईपर्यंत ठेवतील म्हणाले. ये ना रे." मी फोन कानाशी धरून राहिलो. फोन चालूच होता.

इस्माईलभाई उठले, पॅन्ट-शर्ट चढवला, गाडीची किल्ली घेतली. "चला एअरपोर्टला. बसून काय होतंय? इन्शाल्ला काहीतरी निघेल." माईही निघाल्या, हमीदाबाईंच्या चपला घालून. विमान कंपनीच्या खिडकीवर आता दुसरी बाई होती. तिला मी एका दमात सांगितलं. बाळ गेलं, हे मी पहिल्यांदाच तोंडानं म्हणालो, आणि तेही परक्या भाषेत. ती बराच वेळ पडद्याशी झगडत राहिली, कुणाकुणाला फोन केले. मग म्हणाली, संध्याकाळच्या विमानात एक जागा आहे. फक्त एक. कोण जाणार?

मी माईंकडे वळून मराठीत सांगितलं. मला वाटत होतं, आईला पाठवायला हवं. पोरगी आईसाठी आसुसली असेल. पण माईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, त्या सकाळीच पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या, आणि दिवसभरात एकदा हरवल्या होत्या, एकदा गाडीनं पळवल्या होत्या. त्यांना एकटं पुढे पाठवणं अशक्य, मागे एकटं ठेवणंही अशक्य. म्हटलं, "राहू दे. आपण उद्या दोघं जाऊ."

"तुम्ही जा," माई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी उद्या येते."

"एकट्या?"

"गिरणी काय सोबतीनं चालवली?" आता आवाज परत आला होता. शेजारच्या रांगा बघायला लागल्या. "तिला पुढं सहा महिने आई लागंल, मी हाय. आज तिला तुम्ही लागताय. ते लेकरू तुमच्या दोघांचं हाय. तुम्ही दोघांनी मिळून त्याला बघायचंय. मला वाट बघता येती. जावा."

इस्माईलभाई म्हणाले, "भाऊ, त्या आमच्या घरी राहतील. सकाळी मी स्वतः आत पोचवतो. खलास, आता विचार करू नका."

मी गेलो. माझ्याजवळ एक पासपोर्ट आणि अंगावरचे कपडे. आत जाताना वळून पाहिलं तर माई हमीदाबाईंच्या, दोन नंबर मोठ्या चपलांत उभ्या होत्या, हात वर करून. त्यांनी काही ओरडून सांगितलं ते मला कळलं नाही. विमानात मी भिंतीकडे तोंड करून बसलो. सगळ्या प्रवासात मला एकदाही भूक लागली नाही, आणि लीड्सला वैशालीच्या खाटेपाशी पोचलो, तिनं माझ्या अंगावर सगळं ओझं टाकलं, तेव्हा माझे पाय डगमगले नाहीत.

माई दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांच्या प्रवासाचं त्यांनी पुढे कधीतरी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. इस्माईलभाई जबल अलीची कंपनीची बस सोडून त्यांना पोचवायला गेले होते. चाकाच्या खुर्चीवर बसायला त्यांनी नकार दिला, "मला काय धाड भरलीय?" पण चपला पायातून निसटायला लागल्या तेव्हा मुकाट बसल्या. विमानात शेजारच्या गोऱ्या बाईला मराठीतून सगळी हकिकत सांगितली, आणि त्या बाईनं त्यांचा हात धरून ठेवला. मँचेस्टरला उतरल्यावर पासपोर्ट बघणाऱ्या साहेबानं कशासाठी आलात असं विचारलं असावं. माईंनी कागद पुढे केला आणि पाठ केलेले शब्द म्हणाल्या, "डॉटर. डिलिव्हरी." साहेब हसला, "काँग्रॅच्युलेशन्स" म्हणाला.

"तो शब्द कळतोय मला," माई म्हणाल्या. "मी थँक्यू म्हणले. त्याला काय सांगत बसायचं?"

हॉस्पिटलमध्ये त्या खोलीत आल्या, वैशालीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला काही विचारलं नाही. मग पाळण्यापाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. नर्सकडे वळून म्हणाल्या, "गरम पाणी आणा. आंघोळ घालायची हाय." मराठीतच म्हणाल्या. मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं तोवर ती नर्स निघालीसुद्धा होती. माईंनी पदर खोचला. पाय लांब सोडून जमिनीवर बसल्या, मुलीला पायांवर घेतलं, जशी हजार बाळं आपल्याकडे घेतात तशी, आणि ओंजळीनं पाणी घालत तिला न्हाऊ घातलं. कान, बोटांच्या बेचक्या, मानेची वळी, काही सुटू दिलं नाही. वैशाली खाटेच्या कडेला येऊन बसली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आई, मी पुसते तिला." माईंनी टॉवेल तिच्या हातात दिला.

घरी आल्यावर माझी समजूत होती की डिंक-अळीव आता कपाटात जातील. बॅगा पोचल्या त्या दिवशी मी ते सगळं नजरेआड ठेवायला घेतलं, तर माईंनी काढून घेतलं. "हे काय करताय? बाळंतीण हाय ती."

"माई, पण..."

"बाळ नाही म्हणून बाळंतपण झालं नाही का? अंगाला काय कळतंय त्यातलं? दूध आलंय तिला, प्रकाशराव."

मला ते माहीत नव्हतं. वैशालीनं सांगितलं नव्हतं. त्यानंतर सव्वा महिना माईंनी तिचं सगळं केलं. तेल लावलं, पोट बांधलं, शेक दिला, अळिवाची खीर पुढ्यात ठेवून ती संपेपर्यंत बसून राहिल्या. लीड्सच्या त्या चिमुकल्या घरात ओवा-शेपांचा धूर व्हायचा आणि छतावरचा धुराचा भोंगा ठणाणा करायचा, मग मी टॉवेल हलवत उभा. वैशाली सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून सगळं करून घ्यायची. एक दिवस त्या तेल लावत असताना ती हुंदके देऊन रडली, आणि माई तेल लावत राहिल्या. बाराव्या दिवशी त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलंत?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. "नाव नको? मग तिची आठवण काढताना काय म्हणायचं, 'ते' म्हणायचं?" वैशाली म्हणाली, "मुक्ता." ते तिनं कधीचं ठरवलेलं होतं, मला माहीत नव्हतं. माई खिडकीपाशी गेल्या आणि बाहेरच्या पावसाकडे बघून नेहमीच्या आवाजात ते नाव एकदा म्हणून पाहिलं. शेजारच्या बाईंनी पडदा सरकवून बघितलं.

सहा महिन्यांनी त्या परत गेल्या, पुन्हा एकट्या, पुन्हा दुबईवरूनच. दोन वर्षांनी आम्हाला अनिकेत झाला. त्या वेळी माईंना येणं जमलं नाही, गुडघे गेले होते, पण फोनवर रोज सकाळी त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात घुमायचा. नातवाशी त्या मराठीत बोलायच्या, तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा, आणि दोघांचं व्यवस्थित चालायचं. कराडात कुणी विचारलं की त्या सांगत, "मला लेकीकडची नातवंडं दोन. थोरली मुक्ता, धाकटा अनिकेत." ऐकणाऱ्याला ठाऊक असे, तो अवघडून गप्प होई. माई गप्प होत नसत. मेव्हणा मला एकदा म्हणाला, आईला जरा सांगाल का, लोकांना बरं वाटत नाही. मी नाही सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात माई गेल्या. झोपेत, फारसा त्रास न होता. आम्हाला वेळेवर पोचता आलं नाही. मेव्हण्यानं फोन त्यांच्या कानाशी धरला तेव्हा वैशाली आईशी बोलली, पण उत्तर देण्याच्या पलीकडे त्या गेल्या होत्या. कराडला जाऊन आलो. गिरणी मेव्हण्यानं कधीच विकली होती. तिथे आता औषधांचं दुकान आहे.

मागच्या आठवड्यात अनिकेतला घेऊन लीड्सच्या बाजारात गेलो होतो. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईला मुलांशी बोलायची हौस. तिनं त्याला नाव विचारलं, शाळा विचारली, मग हसून म्हणाली, आईबाबांचा एकुलता एक वाटतं तू?

"नो," अनिकेत म्हणाला, केळ्यांची पिशवी सावरत. "आय हॅव अ सिस्टर. हर नेम इज मुक्ता."

त्याचा आवाज चांगलाच मोठा आहे. मागच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी पैसे दिले, त्याचा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो.